जेम्स आणि जेकब: एकाच याकोबाची दोन नावं

वसईकडच्या माझ्या एका मैत्रिणीची जुनी तक्रार होती. आगाशीचं चर्च संत जेम्स यांच्या नावाचं, ती लहानपणापासून तिथे जाणारी. पण मराठी बायबल उघडलं की जेम्स नावाचा माणूसच तिला सापडत नसे. बारा प्रेषितांची यादी काढावी, तर पेत्र आहे, अंद्रिया आहे, योहान, फिलिप, थोमा, सगळे आहेत. जेम्स कुठे आहे? "आमचा संत मराठीत यायचा राहिला की काय?" असं तिने विचारलं, तेव्हा मी तिच्या टेबलावर दोन बायबलं शेजारी शेजारी उघडून ठेवली. एक मराठी, एक इंग्रजी. दोन्हींत मत्तयकृत शुभवर्तमान.

पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे. सोळाव्या वचनात मरियेचा पती योसेफ आणि त्याच्या वडिलांचं नाव येतं. मराठीत याकोब, इंग्रजीत जेकब. मग दहाव्या अध्यायाचं दुसरं वचन काढलं. तिथे जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. मराठीत पुन्हा याकोबच. इंग्रजीत मात्र जेम्स.

म्हणजे आगाशीचा संत मराठीत पहिल्यापासून आहे, याकोब या नावाने. जेम्स आणि जेकब ही मुळात दोन नावं नाहीतच. एकाच नावाला इंग्रजीत दोन रूपं आली, आणि पुढे ती इतकी दूर गेली की एका घरात एका भावाचं नाव जेम्स आणि दुसऱ्याचं जेकब ठेवलं तरी आपण एकच नाव दोनदा ठेवलंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मूळ नाव हिब्रू, 'याआकोव'. उत्पत्तीच्या पुस्तकात (२५:२६) त्याची गोष्ट आहे. इसहाकाला जुळे मुलगे झाले. थोरला एसाव आधी बाहेर आला आणि मागून येणाऱ्या धाकट्याने त्याची टाच धरली होती. हिब्रूत टाचेला 'आकेव' म्हणतात, म्हणून त्याचं नाव याकोब. पुढे त्याने थोरल्याचा हक्क आणि आशीर्वादही मिळवला, तेव्हा एसाव चिडून त्याच नावावर शब्दश्लेष करतो, की याने मला दोनदा ठकवलं. ही झाली बायबलमधली उकल. अभ्यासकांचं म्हणणं थोडं निराळं आहे. त्या काळच्या पश्चिम आशियात 'याकूब-एल' या धर्तीची नावं होती, त्यांचा अर्थ 'देव रक्षण करो' असा लावतात, आणि याकोब हे त्याचंच आखूड झालेलं रूप असावं. मला ही दुसरी उकल जास्त पटते. पोटच्या पोराचं नाव कुणी 'ठकवणारा' असं ठेवणार नाही. गोष्ट नावाच्या मागून आली असणार.

मग फाटा फुटला कुठे? इंग्लंडमध्ये नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, ग्रीक नव्या करारातच फुटला. जुन्या करारातल्या कुलपित्याचं नाव ग्रीकमध्ये जसंच्या तसं ठेवलं, 'इआकोब'. त्याला विभक्तीचा प्रत्यय लागत नाही. प्राचीन, आदरणीय नाव म्हणून ते आहे तसं राहिलं. पण येशूच्या काळातले जे याकोब होते, जब्दीचा मुलगा, अल्फीचा मुलगा, प्रभूचा भाऊ म्हणवला जाणारा तिसरा, ही चालतीबोलती माणसं. त्यांच्या नावाला ग्रीक शेपूट लागलं आणि ते 'इआकोबोस' झालं. लॅटिन बायबलने हा फरक तसाच उचलला: कुलपिता 'इआकोब', प्रेषित 'इआकोबुस'. पहिलं नाव पोथीत राहिलं. दुसरं लोकांच्या तोंडी गेलं, आणि तोंडी गेलेलं नाव झिजतं.

कसं झिजलं ते मराठी माणसाला सांगणं फार सोपं आहे, कारण हे सगळे बदल आपल्या भाषेत रोज ऐकू येतात. शब्दाच्या आरंभीच्या य चा ज होतो: यात्रेची जत्रा, यवाचा जव, योगाचा जोग. दोन स्वरांमध्ये सापडलेला क गळून पडतो: कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार. आणि ब व म तर एकाच पवर्गातले शेजारी, दोन्ही ओठ मिटून उच्चारायचे. आपण आंबा म्हणतो, हिंदीवाले आम. आपली मुंबई, त्यांची बंबई.

आता याच चालीने लॅटिन 'इआकोबुस' म्हणून पाहा. बोलीत ब चा म झाला: 'इआकोमुस'. आरंभीचा य ज झाला. मधला स्वर पडला, मग क ही गेला, आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'जेम्स'सारखी रूपं तयार झाली. नॉर्मन लोकांबरोबर ती इंग्लंडात पोचली. मधला दुवा ऐकायचा असेल तर इटालियन नाव घ्या: जाकोमो. संगीतकार पुचिनीचं हेच नाव. त्यात ज आहे, क आहे आणि म सुद्धा आहे; जेकब आणि जेम्स दोघांच्या खुणा एका नावात. जेकबमध्ये फक्त य चा ज झाला, जेम्समध्ये सगळे बदल झाले.

सगळ्या भाषांनी हा फरक सारखा ठेवला नाही. इटालियनमध्ये कुलपिता 'जाकोब्बे' आणि प्रेषित 'जाकोमो'. फ्रेंचमध्ये 'जाकोब' आणि 'झाक'. पोर्तुगीजमध्ये 'जाको' आणि 'तियागो'. उलट पोलिश 'याकुब' आणि रशियन 'याकोव' हे एका रूपात भागवतात. मराठी बायबलही त्याच पंगतीतलं. अरबीतलं 'याकूब' तर आपल्याकडे घराघरांत ओळखीचं. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांनी याच नावाला 'अकूबजी' असं अस्सल मराठी वळण दिलं, जसं अब्राहामाचं आबाजी आणि सॅम्युएलचं सामाजी केलं. हे वाचताना मला नेहमी बरं वाटतं. शेवटी 'जी' लागला, की नाव आपल्या अंगणात आलं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो हल्ली फार फिरतो. इंग्लंडच्या राजा जेम्सने १६११ साली बायबलचं भाषांतर करून घेतलं आणि त्यात याकोबाच्या जागी आपलं नाव घुसडलं, असं सांगतात. हे खरं नाही. विक्लिफच्या नावाने ओळखलं जाणारं चौदाव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर घ्या, नाहीतर टिंडेलचा १५२६ चा नवा करार घ्या, दोन्हींत जेम्स आहेच. आणि हा राजा जन्मला १५६६ साली. १५६७ मध्ये, जेमतेम वर्षाचा असताना तो स्कॉटलंडच्या गादीवर बसला आणि १६०३ मध्ये इंग्लंडच्या. याच राजाने पाठवलेला वकील टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि पुढे जहांगीराच्या दरबारात पोचला.

या राजाची नाणी पाहिली तर सगळं कोडं एका तबकडीवर दिसतं. राजाचं नाव जेम्स, पण नाण्यावर कोरलंय 'इआकोबुस', कारण नाणी लॅटिनमध्ये बोलायची. म्हणून त्याच्या काळाला इंग्रजीत जेम्सवरून विशेषण नाही, 'जेकोबियन' आहे. त्याचा नातू दुसरा जेम्स १६८८ मध्ये गादी सोडून पळाला. त्याला आणि त्याच्या वंशजांना परत आणू पाहणारे ते 'जेकोबाइट'. त्यांनी १७१५ आणि १७४५ मध्ये मोठे उठाव केले, आणि १६ एप्रिल १७४६ ला स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या मैदानात ते मोडले गेले. यांचा जेकब नावाच्या कुणाशी संबंध नाही, नेता जेम्सच होता.

फ्रेंच राज्यक्रांतीतले 'जेकोबिन' मात्र वेगळे. पॅरिसमध्ये डॉमिनिकन संन्याशांचा मठ सँ-झाक नावाच्या रस्त्यावर होता, म्हणून त्या संन्याशांनाच लोक जेकोबिन म्हणत. १७८९ मध्ये क्रांतिकारकांचा एक क्लब डॉमिनिकनांच्या मठाच्या इमारतीत भरू लागला आणि मठाचं नाव क्लबला चिकटलं. राजाच्या वंशाला परत आणणारे जेकोबाइट आणि राजाचं डोकं उडवणारे जेकोबिन, नावात फक्त शेपटाचा फरक आणि काम अगदी उलटं. मराठी लेखांत यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. केरळातले 'याकोबाया' ख्रिस्ती तिसरेच. त्यांचं नाव सहाव्या शतकातल्या याकोब बुर्दोनो या सिरियन बिशपावरून आलं.

स्पेनमध्ये नाव आणखी एका वाटेने गेलं. तिथे क चा ग झाला, आपल्या बकाचा बगळा आणि प्रकटाचा प्रगट होतो तसा. 'याको'चं 'यागो' झालं. पुढे संत म्हणून 'सांत' लागलं आणि दोन्ही शब्द चिकटून 'सांतियागो'. मग लोकांनी तो शब्द पुन्हा तोडला, पण चुकीच्या ठिकाणी, आणि त त्या नावाच्या वाट्याला गेला: 'तियागो'. पोर्तुगालमधलं हे लोकप्रिय नाव असं एका चुकलेल्या संधिविग्रहातून जन्मलं. शिवाय 'हाइमे' हेही त्याच नावाचं रूप, आरागॉनकडून आलेलं. ते जेम्सच्या जास्त जवळचं, म आहे ना त्यात. म्हणजे स्पेनच्या माणसाकडे एका याकोबाची हाकोब, सांतियागो, हाइमे आणि हाकोबो अशी रूपं आहेत.

इथेच एक दिसायला जवळचं नाव येतं आणि फसवतं: दिएगो. पुष्कळ जण 'सान दिएगो' म्हणजे 'सांतियागो'च, नुसतं तोडून लिहिलेलं, असं समजतात. मात्र मध्ययुगीन लॅटिन कागदांत दिएगोचं रूप 'दिदाकुस' असं येतं, आणि यावरून बरेच अभ्यासक त्याला वेगळं मूळ मानतात. अमेरिकेतल्या सान दिएगो शहराचं नाव तर प्रेषित याकोबावरून नाहीच, ते अल्काला गावच्या दिएगो या फ्रान्सिस्कन संन्याशावरून आहे, जो १४६३ मध्ये वारला आणि १५८८ मध्ये संत घोषित झाला. या दिएगोचं पोर्तुगीज रूप 'दियोगो'. आपल्याला हे नाव परकं नाही. घारापुरीच्या लेण्यांतला शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला ही हकीकत ज्याने लिहून ठेवली, तो दियोगो दु कुतु. १६१६ मध्ये तो गोव्यातच वारला. त्याला तियागोच्या, म्हणजे जेम्सच्या घराण्यात घालू नये.

सगळ्यांत गोड रूप मला स्कॉटलंडचं वाटतं. तिथल्या गेलिक भाषेत जेम्सचं 'शेमस' झालं. आता गेलिकला मराठीसारखीच संबोधन विभक्ती आहे. आपण माधवला हाक मारताना 'माधवा' म्हणतो आणि नावाचा शेवट बदलतो. गेलिकमध्ये हाक मारताना नावाचा आरंभही बदलतो. शेमसला हाक मारायची तर ती 'हेमिश' अशी ऐकू येते. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ती हाकच ऐकली आणि तिलाच नाव समजले. आज हेमिश हे स्वतंत्र नाव म्हणून पोरांना ठेवतात. गल्लीत 'माधवा, ए माधवा' ऐकून कुणी परक्याने मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'माधवा' लिहून यावं, तसं हे झालं.

मराठीत लिहिताना मी एवढं पाळते: बायबलमधला जेम्स असेल तर याकोब लिहायचं, राजा किंवा आजचा माणूस असेल तर त्याच्या भाषेतला उच्चार ठेवायचा. 'जेम्सचे पत्र' असं कुणी भाषांतरात लिहिलेलं दिसलं की मी पेन्सिलीने 'याकोबाचे पत्र' करते.

आणि सारखी ऐकू येणारी पण या घराण्यातली नसलेली नावं वेगळी काढते. जेक हा जेकब, पण जॅक मुळात जॉनचं लाडकं रूप. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी घरी-दारी जॅक होते. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान, ज्याने १६८९ मध्ये मुंबईवर चाल केली, तो याकूब नव्हे. याकूत म्हणजे माणिक.

जिम, जिमी ही जेम्सची रूपं खरीच. पण मुंबईत एखादे पारशी गृहस्थ जिमी म्हणवत असतील तर ते बऱ्याचदा मूळचे जमशेद असतात. जमशेदमधला जम म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातला, अवेस्तातला यिम, आणि यिम म्हणजे विवस्वानाचा मुलगा, आपला यम. त्याच्याही य चा ज झाला, जत्रेसारखाच आणि जेम्ससारखाच. पण तो य टाच धरून जन्मलेल्या मुलाच्या नावातला नव्हे.