काम्प नोउ : नजर, उतार आणि छत यांचे गणित

बार्सिलोना फुटबॉल क्लबचे आधीचे मैदान, लेस कोर्ट्‌स, सुमारे ६० हजार प्रेक्षक सामावू शकत होते. १९५० मध्ये लोकप्रिय फुटबॉलपटू लाडिस्लाव कुबाला क्लबमध्ये आल्यानंतर ती जागाही अपुरी पडू लागली. म्हणून फ्रान्सेस्क मित्जान्स, जोसेप सोतेरास आणि लोरेन्झो गार्सिया-बार्बोन या वास्तुविशारदांनी नवे मैदान रचले आणि २४ सप्टेंबर १९५७ रोजी ते खुले झाले. काम्प नोउ म्हणजे ‘नवे मैदान’. लोकांनी सवयीने रुळवलेले हे नाव अधिकृत व्हायला मात्र २००० साल उजाडावे लागले. बांधकामाचा खर्च अंदाजाच्या चौपटीहून अधिक होऊन सुमारे २८ कोटी ८० लाख पेसेतांवर (स्पेनचे जुने चलन) गेला.

सुरुवातीला ९३ हजारांहून अधिक असलेली क्षमता १९८२ च्या विश्वचषकासाठी तिसरा सज्जा चढवून एक लाखाच्या बरीच वर नेण्यात आली. पण असा सज्जा चढवताना खरा अडसर काँक्रीटपेक्षा प्रेक्षकाच्या नजरेचा असतो. मागे बसलेल्याला जवळची सीमारेषा दिसायची, तर त्याची दृष्टिरेषा पुढच्याच्या डोळ्यांपासून साधारण ९ ते १२ सेंटिमीटर वरून जावी लागते. रांग मागे जाईल तसा हाच फरक राखण्यासाठी पायरीची उंची वाढवत न्यावी लागते, म्हणूनच उत्तम स्टेडियमचा उतार सरळ नसून वर जाताना वक्र होत जातो. हा चढ सुमारे ३५ अंशांपलीकडे नेणे सुरक्षित मानले जात नाही. दुसरी मर्यादा अंतराची. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर असतो, आणि १९० मीटरवरून तो डोळ्याशी जेमतेम ४ कलांचा, म्हणजे एका अंशाच्या पंधराव्या भागाचा कोन करतो. चेंडू दिसतो, पण त्याची फिरकी हरवते. फुटबॉलसाठी १९० मीटर ही अंतराची कमाल मर्यादा मानली जाते, ती याच कारणाने.

वर जाण्याला अशी मर्यादा असल्यामुळे १९९० च्या दशकात काम्प नोउ खाली गेले. मैदान सुमारे अडीच मीटर खोल करण्यात आले, भोवतीचा सुरक्षा-खंदक काढण्यात आला आणि पुढे नव्या रांगांना जागा मिळाली. ही युक्ती मला या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत सुंदर वाटते, मात्र ती फुकट मिळत नाही. मैदान खाली गेले की जुन्या रांगांतील नजर अधिक तिरकी खाली वळते आणि पुढच्याचे डोके तिच्या मार्गात जास्त येते. त्यामुळे हवे तितके खोल जाता येत नाही. उभ्याने पाहण्याच्या जागाही पुढे आसनांनी घेतल्या, तेव्हा क्षमता ९९ हजारांवर स्थिरावली.

मैदानाच्या नूतनीकरणाच्या आताच्या ‘एस्पाय बार्सा’ प्रकल्पाचे लक्ष्य सुमारे १ लाख ५ हजार आसनांचे आहे. २०२३ मध्ये १४५ कोटी युरोंचा निधी उभा राहिल्यावर जुना तिसरा सज्जा पाडून नवा बांधण्याचे काम सुरू झाले. या काळात संघ शहरातल्याच मॉन्टजुइक टेकडीवरील ऑलिम्पिक मैदानावर खेळला आणि २२ नोव्हेंबर २०२५ रोजी, क्षमतेच्या निम्म्याहून कमी प्रेक्षकांसमोर, अर्धवट बांधलेल्या घरी परतला.

सर्वांत कठीण भाग छताचा. १९५७ पासून मुख्य बाजूच्या प्रेक्षकांनाच सावली मिळत होती. आता सर्व आसनांवर छप्पर येणार आहे, आणि मैदानाच्या बाजूने खांब उभे केले तर दृश्य अडते. यावरचा उपाय सायकलच्या चाकासारखा आहे. चाकाचे आरे भार ओढून धरतात, आणि त्या ओढीने बाहेरची रिम दाबली जाते. त्याचप्रमाणे छताच्या बाहेरच्या कडेला दाब सोसणारे पोलादी कडे, आतल्या कडेला ताणलेले कडे आणि दोहोंमध्ये पोलादी दोर असतात. तुंब्याच्या जागी राहते उघडे आकाश. पोलाद ओढ उत्तम सोसते, म्हणून एवढा विस्तार तुलनेने हलक्या रचनेतून साधतो. मात्र छत आत येईल तितका गवताला सूर्यप्रकाश आणि वारा कमी मिळतो. त्यामुळे आधुनिक स्टेडियममध्ये सामन्यांच्या मधल्या दिवसांत चाकांवरचे दिवे मैदानावर फिरवून गवताला तासन्‌तास कृत्रिम प्रकाश दिला जातो.