पेपर उघडत नाही, सर्किट चालत नाही: अर्ज कुठे करायचा, कोण पात्र आणि कागदपत्रं कोणती

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय गाइडकडून मंजूर झाला की पुढचा अडथळा बहुतेकांना एकाच जागी भेटतो. गुगल स्कॉलर या शोधसाइटवर हवा तो संशोधन-पेपर सापडतो, सारांश वाचता येतो, पण पूर्ण मजकूर उघडायला गेलं की प्रकाशक डॉलरमध्ये पैसे मागतो. मग अर्धवट माहितीवर सर्किट जुळवायचं, ते चालत नाही म्हणून हताश व्हायचं आणि शेवटी शहरातल्या एखाद्या दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत आणायचा, असं दरवर्षी घडतं. हे थांबायला हवं. पेपर मिळवण्याचे आणि डिझाइनसाठी मदत मागण्याचे अधिकृत मार्ग आज आहेत आणि त्यांतले बहुतेक विद्यार्थ्याला फुकट आहेत. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या: यांतल्या मोठ्या योजनांमध्ये अर्जदार तुम्ही नसता, तुमचं महाविद्यालय असतं. म्हणून कुठलाही फॉर्म शोधण्याआधी ग्रंथपाल आणि विभागप्रमुख या दोघांना गाठायचं.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन: सरकारी संस्थांसाठी

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल्स एकाच वर्गणीखाली आली. इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना रोज लागणारे आयईईई (अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना), एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली हे सगळे त्यात आहेत. अंमलबजावणी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे आहे.

पात्रता विद्यार्थ्याच्या गुणांवर किंवा उत्पन्नावर ठरत नाही, संस्थेवर ठरते. केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था, अशा ६,३०० हून अधिक संस्था पहिल्या टप्प्यात धरल्या आहेत. नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, कऱ्हाड आणि अमरावतीची शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं, गोव्यात फर्मागुढीचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय या प्रकारात मोडतात. अनुदानित संस्थांच्या बाबतीत नावावरून अंदाज बांधू नका. योजनेच्या पोर्टलवर सहभागी संस्थांची यादी आहे, तिच्यात आपलं नाव स्वतः तपासा.

संस्थेने करायचं काम असं: पोर्टलवर नोंदणी, एका नोडल (म्हणजे संपर्काच्या) अधिकाऱ्याची नेमणूक आणि कॅम्पसच्या इंटरनेट जोडणीचे स्थिर आयपी पत्ते, म्हणजे जोडणीची ओळख पटवणारे क्रमांक, कळवणं. हे झालं की कॅम्पसच्या नेटवर्कवरून प्रकाशकाची साइट आपोआप उघडते, पासवर्ड लागत नाही. आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कॅम्पसमध्ये बसून स्वतःच्या मोबाइल डेटावर पेपर उघडून पाहिला तर तो उघडणार नाही, कारण प्रकाशकाला तुमचा चेहरा दिसत नाही, फक्त आयपी दिसतो. महाविद्यालयाने इंटरनेट कंपनी बदलली आणि नवा आयपी कळवायचा राहिला, तरी हेच होतं. ‘आपल्याकडे ही सोय नाही’ असं उत्तर मिळालं तर तिथे थांबू नका. नोडल अधिकारी कोण आहेत, नोंदवलेला आयपी कोणता आणि सध्या चालू असलेला कोणता, हे तीन प्रश्न ग्रंथपालांना लेखी विचारा. तोंडी विचारलेलं विसरलं जातं, अर्जाला आवक क्रमांक मिळतो.

घरून किंवा वसतिगृहातून वाचण्यासाठी इन्फ्लिबनेटची इन्फेड नावाची व्यवस्था आहे. तिचं लॉगिन संस्थेकडून मिळतं. त्यासाठी ओळखपत्राची प्रत, पीआरएन किंवा नोंदणी क्रमांक, विभाग, अभ्यासक्रम संपण्याचं वर्ष आणि संस्थेचा ईमेल पत्ता इतकं तयार ठेवा. संस्थेचा ईमेल नसेल तर आधी तो मागा, पुढच्या जवळपास प्रत्येक अर्जात तो उपयोगी पडतो. लॉगिन मिळाल्यावर प्रकाशकाच्या साइटवर नेहमीच्या साइन-इनवर जायचं नाही, संस्थेमार्फत प्रवेशाचा पर्याय निवडून यादीतून आपली संस्था शोधायची.

एक ताकीद मनापासून देतो. हे लॉगिन मित्राला देऊ नका आणि एखाद्या जर्नलचे अंकच्या अंक सॉफ्टवेअर लावून उतरवू नका. करारात दोन्हीला मनाई असते, आणि असा प्रकार आढळला की प्रकाशक एका विद्यार्थ्याचा नव्हे, अख्ख्या कॅम्पसचा प्रवेश बंद करू शकतो.

खासगी महाविद्यालयात असाल तर

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या बहुतेक जागा खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत आहेत आणि ती पहिल्या टप्प्यात नाहीत. शैक्षणिक कर्ज काढून शिकणाऱ्या मुलीला पेपरची गरज सरकारी महाविद्यालयातल्या मुलीपेक्षा कमी नसते, त्यामुळे पुढच्या टप्प्यात ही भिंत पडलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तोवर काय करायचं ते सांगतो.

आधी ग्रंथपालांना विचारा की महाविद्यालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्य आहे का. बरीच खासगी महाविद्यालयं असतात आणि विद्यार्थ्यांना ते माहीतच नसतं. सदस्य असेल तर हव्या त्या पेपरची मागणी ग्रंथपालांमार्फत पाठवता येते. त्यासाठी पेपरचं पूर्ण शीर्षक, लेखक, जर्नल, खंड, अंक, वर्ष, पृष्ठं आणि डीओआय क्रमांक (प्रत्येक पेपरचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहून द्यायचा. डीओआय अचूक असेल तर बाकीच्या चुका चालून जातात.

दुसरा मार्ग तुमच्या विद्यापीठाचा. महाविद्यालय खासगी असलं तरी ज्या विद्यापीठाशी ते संलग्न आहे ते राज्य विद्यापीठ असतं. पुणे विद्यापीठाच्या जयकर ज्ञानस्रोत केंद्रासारख्या ग्रंथालयात बसून वाचता येईल का, हे आधी फोन करून विचारा. जाताना ओळखपत्र, आधार आणि प्राचार्यांचं किंवा ग्रंथपालांचं परिचयपत्र न्या. पत्रात ‘संदर्भासाठी परवानगी मिळावी’ एवढ्यावर भागवू नका, विषय आणि हव्या असलेल्या पेपरांची यादी जोडा.

तिसरा मार्ग थेट लेखकाचा, आणि मला तो सगळ्यात आवडतो. आयईईईच्या नियमांनुसार लेखकाला आपल्या पेपरची स्वीकृत प्रत (प्रकाशनासाठी मंजूर झालेला मसुदा) स्वतःच्या किंवा संस्थेच्या साइटवर आणि अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संग्रहावर ठेवता येते. म्हणून गुगल स्कॉलरमध्ये शीर्षकाखाली ‘सर्व आवृत्त्या’ उघडून पाहा. अनपेवॉल नावाचं ब्राउझर एक्स्टेंशन हेच काम आपोआप करतं. तरी सापडलं नाही तर सारांशाच्या पानावर दिलेल्या पत्त्यावर लेखकाला ईमेल करा: मी अमुक महाविद्यालयात अमुक वर्षाला आहे, अमुक विषयावर काम करतोय, तुमच्या पेपरमधल्या अमुक भागासाठी पूर्ण मजकूर हवा आहे. चार वाक्यं पुरतात. आपला पेपर कुणीतरी खरंच वाचतंय याचा लेखकाला आनंदच होतो.

कसलीही पात्रता न लागणारे स्रोतही भरपूर आहेत. शोधगंगावर भारतीय विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध नोंदणीशिवाय वाचता येतात, आणि सहा पानांच्या पेपरमध्ये गाळलेली गणितं तिथे सविस्तर मांडलेली असतात. भारतीय विज्ञान अकादमीचं ‘साधना’ हे अभियांत्रिकीचं जर्नल अकादमीच्या साइटवर खुलं आहे. २०१३ पासून निघणारं ‘आयईईई ॲक्सेस’ संपूर्ण खुलं आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात ईमेल देऊन मोफत नोंदणी होते.

आयईईईच्या विद्यार्थी सदस्यत्वाबद्दल एक गैरसमज आहे. मान्य शाखेत किमान अर्धवेळ शिकत असाल तर ते मिळतं, शिक्षण सुरू असल्याचा तपशील आणि पदवी मिळण्याचा अपेक्षित महिना द्यावा लागतो. पण नुसत्या सदस्यत्वाने एक्सप्लोर या आयईईईच्या पेपर-संग्रहातले सगळे पेपर खुले होत नाहीत, त्यासाठी वेगळी वर्गणी असते. मुंबई आणि पुणे विभागांचे कार्यक्रम आणि महाविद्यालयातली विद्यार्थी शाखा यांसाठी सदस्य जरूर व्हा. पेपरांसाठी म्हणून पैसे भरू नका.

डिझाइनसाठी मदत: ई-सिम आणि चिपइन

आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने ई-सिम हे सर्किट डिझाइनचं मुक्त सॉफ्टवेअर बनवलं आहे. कायकॅड, एनजीस्पाइस, जीएचडीएल अशी मुक्त साधनं त्यात एकत्र बांधलेली आहेत. सर्किट काढणं, सिम्युलेशन (संगणकावर चालवून पाहणं) आणि पीसीबीचा, म्हणजे छापील सर्किट बोर्डाचा, आराखडा एकाच ठिकाणी होतो, लायसन्स लागत नाही. अडल्यावर प्रश्न विचारायला फॉसीचा स्वतःचा मंच आहे.

याच प्रकल्पात सर्किट सिम्युलेशनचा एक उपक्रम चालतो आणि त्याची प्रक्रिया शिकण्यासारखी आहे. आधी पूर्ण झालेल्या सर्किटांची यादी पाहायची, तिच्यात नसलेलं सर्किट निवडायचं, नोंदणी करून प्रस्ताव पाठवायचा. प्रस्तावात सर्किटचं थोडक्यात वर्णन, आकृती आणि ते कुठून घेतलं त्याचा संदर्भ लागतो. मंजुरीनंतर ई-सिममध्ये काम करून फाइली चढवायच्या. तपासणीत पास झालं की प्रमाणपत्र मिळतं. आयआयटीतल्या माणसाने आपलं सर्किट तपासून चूक दाखवणं ही तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलासाठी लहान गोष्ट नाही. फॉसीची उन्हाळी फेलोशिपही असते, तिची निवड मार्कशीटवर न होता दिलेलं काम करून दाखवण्यावर होते.

चिप डिझाइन करायचं असेल तर मार्ग वेगळा. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात पाच वर्षांत ८५,००० अभियंते तयार करायचं उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी २५० कोटी रुपये ठेवले आहेत. बंगळुरूच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेमधलं चिपइन केंद्र सिनॉप्सिस, केडन्स, सीमेन्स अशा कंपन्यांची महागडी डिझाइन साधनं सहभागी संस्थांना दुरून वापरायला देतं. निवडक डिझाइन मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानावर प्रत्यक्ष घडवून मिळतात. इथे विद्यार्थी एकटा अर्ज करू शकत नाही. संस्थेच्या वतीने प्राध्यापक समन्वयक पुढे येतात, वापरकर्त्यांची नावं देतात आणि साधनं शिक्षण-संशोधनापुरतीच वापरण्याची हमी संस्थेला द्यावी लागते. तुमचं महाविद्यालय यात नसेल तर विभागप्रमुखांना दोन पानांचं टिपण द्या: किती विद्यार्थी काम करतील, कोणते प्राध्यापक जबाबदारी घेतील, कोणती डिझाइन डोक्यात आहेत. असं टिपण हातात असलं की प्राध्यापकांना पुढचा पत्रव्यवहार करणं सोपं जातं.

मदतीच्या अर्जात काय जोडायचं

मंच असो, लेखक असो वा गाइड, ‘सर्किट चालत नाही, मदत करा’ याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. समजा तुम्ही एलएम२५९६ ही व्होल्टेज उतरवणारी आयसी वापरून १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताय आणि लोड लावला की आउटपुट पडतं. तर संपूर्ण स्किमॅटिक, इंडक्टर आणि डायोडचे पूर्ण पार्ट नंबर, लोडचा करंट, इनपुटवर लोडसह मोजलेला व्होल्टेज, स्विचिंग पिनचा ऑसिलोस्कोपवरचा वेव्हफॉर्म आणि जोडणी ब्रेडबोर्डवर आहे की पीसीबीवर, इतकं द्या. या आयसीची स्विचिंग फ्रीक्वेन्सी १५० किलोहर्ट्झ आहे. स्कोपवर वेगळंच काही दिसत असेल तर वाचणाऱ्याला तिथेच धागा सापडतो. सिम्युलेशनचा प्रश्न असेल तर चित्र नको, नेटलिस्ट (घटक आणि जोडण्यांची मजकुरातली यादी) आणि आलेला एरर जसाच्या तसा द्या. पेपरमधलं सर्किट असेल तर आकृतीचा क्रमांक, समीकरणाचा क्रमांक आणि तुम्ही गृहीत धरलेली मूल्यं सांगा.

आणि अर्ज करण्याआधी डेटाशीट (घटकाचं माहितीपत्रक) व कंपनीची ॲप्लिकेशन नोट (घटक कसा वापरायचा याचं टिपण) वाचलेली असावी. त्या मोफत असतात, आणि पॉवर सप्लाय, ॲम्प्लिफायर, सेन्सर जोडणी अशा नेहमीच्या कामांत पेपरपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण घटकांची मूल्यं कशी काढायची हे त्यांत पायरीपायरीने दिलेलं असतं. आपण काय वाचलं आणि कुठे अडलो हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.