वेदरिंग : प्रतिकृती वाहनांवरील गंज आणि झीज

वेदरिंग : लहान मापात बनवलेल्या वाहनावर ऊन, पाऊस, धूळ, चिखल, तेल आणि रोजचा वापर यांच्या खुणा रंगाने उमटवून ते रापलेले भासवण्याचे तंत्र. रणगाडे, ट्रक, मोटारी, रेल्वेचे डबे व इंजिने यांच्या प्रतिकृतींवर ते विशेष वापरले जाते. यातला सर्वांत आकर्षक आणि सर्वांत जास्त फसणारा भाग म्हणजे गंज.

लोखंडाचा ओलावा व प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन गंज, म्हणजे सजल लोह ऑक्साइडे, तयार होतो. त्याचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरेच अधिक असते. त्यामुळे रंगाखाली गंज धरला की रंगाला आधी फुगा येतो, मग तडा जातो आणि शेवटी पोपडा सुटतो. ताजा गंज केशरी असतो, तर जुना होताना तो तपकिरी आणि पुढे काळपट होतो. म्हणून प्रतिकृतीवर आधी गडद तपकिरी थर देतात आणि केशरी छटा शेवटी, मोजक्याच ठिकाणी लावतात. सगळीकडे केशरी फासले की गाडी गंजलेली न दिसता हळद लागल्यासारखी दिसते. या कामी चालणारे बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर हे रंग परंपरेने लोह ऑक्साइड असलेल्या मातीपासूनच बनतात. म्हणजे गंजाची नक्कल गंजाच्या भाऊबंदांकडूनच करवून घेतली जाते.

गंज कुठे दाखवायचा हे पाणी ठरवते. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, खिडकीच्या रबराखालची खाच, बिजागऱ्या, ट्रकच्या हौद्याचा तळ अशा पाणी साचणाऱ्या जागी तो आधी धरतो. सायलेन्सरवरचा रंग उष्णतेने जळून जातो, म्हणून सायलेन्सर नव्या गाडीतही लवकर तांबूस होतो. रणगाड्याच्या पट्ट्याला नुसते उभे राहिल्यावरही गंज चढतो, पण चालताना जमिनीला घासणारा भाग पुन्हा चकाकतो. तेव्हा पट्टा खोलगट जागी तपकिरी आणि उंचवट्यावर धातूच्या रंगाचा हवा. रेल्वेच्या रुळांचेही तसेच : बाजू तपकिरी, माथा लखलखीत.

मूळ गाडी कशाची आहे हेही पाहावे लागते. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारीचे बाहेरचे बरेचसे भाग ड्युरोप्लास्टचे, म्हणजे कापसाचे तंतू आणि राळ यांचे होते. ते गंजत नाहीत, आतला पोलादी सांगाडा मात्र गंजतो. १९४८ पासून आलेल्या जुन्या लँड रोव्हरचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, तर चासी पोलादी होती. अशा गाडीच्या बॉनेटवर गंजाचे डाग काढणे म्हणजे हौसेने केलेली चूक. युद्धकाळातल्या रणगाड्यांचे आयुष्य अनेकदा इतके कमी असे, की चिलखतावर खोल गंज धरायला वेळच मिळत नसे. त्यांच्यावर धूळ, चिखल आणि तेलाचे डागच अधिक शोभतात.

मापाचा हिशेब बऱ्याच जणांकडून चुकतो. १:३५ मापात, म्हणजे प्रतिकृती खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी असताना, १ मिलिमीटरचा टवका खऱ्या गाडीवर ३.५ सेंटिमीटरचा होतो, तर १:७२ मापात तोच ७.२ सेंटिमीटरचा. म्हणून लहान मापात सुटे टवके जवळजवळ टाळून रंगछटांवर भर देणे बरे.

उडालेल्या रंगासाठी हेअरस्प्रेची पद्धत लोकप्रिय आहे. गंजाचा थर देऊन तो वार्निशने पक्का करतात, त्यावर हेअरस्प्रे मारतात आणि तो वाळल्यावर वरचा ॲक्रिलिक रंग चढवतात. नंतर कोमट पाण्याने भिजवून ताठ ब्रशने घासले की हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग खपल्यांनी निघतो. रंग जितका जुना होईल तितका तो चिवट होतो, त्यामुळे हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये. मिठाच्या पद्धतीत ओल्या पृष्ठभागावर मिठाचे खडे चिकटवून वरून रंग फवारतात आणि मग मीठ खरवडून काढतात. यात टवके अधिक ओबडधोबड येतात. बारीक टवक्यांसाठी स्पंजचा तुकडा रंगात बुडवून कागदावर टिपून घेतात आणि नुसता टेकवत जातात.

पावसाने गंज खाली वाहतो तेव्हा ओघळ उमटतात. त्यासाठी तैलरंगाचा ठिपका ठेवून थिनरने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने तो वरून खाली ओढतात. हात आडवा फिरला तर सारे खोटे वाटते, कारण पाणी आडवे वाहत नाही. सांधे आणि खाचा उठून दिसण्यासाठी पातळ गडद रंगाचा ‘वॉश’ देतात. उंचवटे उजळवायला जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासतात. याला ड्रायब्रशिंग म्हणतात.

वॉश व ड्रायब्रशिंग यांच्या प्रसारात अमेरिकेचे शेपर्ड पेन आणि बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन या प्रतिकृतिकारांचा मोठा वाटा आहे. मोनोग्राम कंपनीच्या प्रतिकृती जोडण्याच्या संचांसोबत १९७०च्या दशकात मिळणाऱ्या पेन यांच्या सूचनापत्रकांवर अनेक जण शिकले. २००० नंतर स्पेनच्या मिग हिमेनेस यांच्यामुळे कोरड्या पिगमेंट (रंगद्रव्य) भुकट्यांचा वापर वाढला.

भुकटी हा बहुधा शेवटचा थर असतो. ती थिनरच्या थेंबाने बसवतात. तिच्यावर वार्निश फवारले तर ती गडद होते आणि पुष्कळदा दिसेनाशीच होते. त्यामुळे अनेक कारागीर ती तशीच उघडी ठेवतात आणि प्रतिकृतीला खालच्या पाटापलीकडे हात लावू देत नाहीत.