स्टेम सेल दाता म्हणून नाव नोंदवायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि गालातली काडी

स्टेम सेल म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी; त्या रुग्णाला देण्यासाठी दात्याशी जुळणी व्हावी लागते. नोंदणी करायला आलेल्यांचा पहिला प्रश्न हमखास, ‘माझा ओ पॉझिटिव्ह आहे, चालेल ना?’ इथे जुळणी रक्तगटावर ठरत नाही, एचएलएवर, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरच्या ओळख पटवणाऱ्या प्रथिनांवर ठरते.

आपली जवळपास प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि आठ-दहा अमिनो आम्लांचा एकेक तुकडा एचएलए रेणूच्या खोबणीत बसवून बाहेर मांडते. टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, तो चाचपतात. घरचाच असेल तर पुढे जातात, विषाणूचा निघाला तर ती पेशीच मारतात. डेन्ड्रिटिक पेशी (याही रोगप्रतिकाराच्याच) गिळलेल्या जंतूचे जरा लांब तुकडे दुसऱ्या वर्गाच्या एचएलएवर मांडून टी पेशींना कामाला जुंपतात. प्रत्यारोपणात गोची अशी, की दात्याच्या टी पेशींना रुग्णाची खोबणीच परकी वाटली, तर त्या त्याच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच, म्हणून अनोळखी दाते लागतात.

वय १८ पूर्ण हवं. वरची मर्यादा संस्थेप्रमाणे बदलते: दात्रीकडे ५०, डीकेएमएसकडे ५५. एचआयव्ही, हृदयाचा गंभीर आजार, पूर्वी झालेला कॅन्सर असेल तर नाव घेत नाहीत. मधुमेह, थायरॉइडच्या गोळ्या वगैरे असेल तर आधी विचारा.

कागदपत्रांचा पसारा नाही. सही केलेलं संमतीपत्र, ओळखपत्राचा तपशील, स्वतःचा आणि घरच्या कुणाचा तरी फोन नंबर. मग एचएलए तपासण्यासाठी कापसाची काडी गालाच्या आतून घासायची. चहा-नाश्ता करून लगेच घासू नका. पैसे द्यायचे नाहीत, दान केल्यावर मिळतही नाहीत.

पुढे कित्येक वर्षं फोन येणारही नाही. आला तर पुन्हा रक्त तपासतात, चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात (अंग दुखतं, ताप आल्यासारखं वाटतं), मग हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात फिरवून स्टेम सेल वेगळ्या काढतात. कमरेच्या हाडातून मज्जा (हाडातला रक्त तयार करणारा गाभा) काढायला सुई बहुतेकदा लागतच नाही.

माझ्या मते फॉर्म भरण्याआधी घरी बोलून घ्यावं. नकार कधीही देता येतो, पण दानाआधीच्या दिवसांत रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी संपवलेली असते. तेव्हा माघार घेतली तर त्याच्याकडे काहीच उरत नाही.

आणि मोबाइल नंबर बदलला तर संस्थेला तेवढं कळवा.