नवलकोल चिरा आणि दहा मिनिटं थांबा

थंडीत सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत कोबी-फ्लॉवरच्या ढिगाशेजारी कधीतरी फिकट हिरव्या गड्ड्यांची एखादी पाटी दिसते. बरेच जण तो कंद समजून पुढे जातात. एक गड्डा हातात घेऊन बघा. अंगावर आडव्या खुणा दिसतील, गळलेल्या पानांच्या. मुळाला पानं फुटत नाहीत, खोडाला फुटतात. नवलकोल म्हणजे मातीच्या वर फुगलेलं खोड.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही एकाच जातीची, ब्रासिका ओलेरासियाची भावंडं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बी निवडताना कोबीची कळी, फ्लॉवरचा फुलोरा आणि नवलकोलाचं खोड वाढवत नेलं. नाव डच भाषेतल्या 'क्नोलकोल'शी जुळतं, म्हणजे गड्ड्याचा कोबी. आपले कन्नड शेजारी त्याला नविलुकोसु म्हणतात. नविलु म्हणजे मोर. चहूबाजूंनी उभी राहिलेली पानं पाहिली की हे नाव पटतं.

सोलापूरच्या उन्हात हे पीक येईल का? रब्बीत नक्की येतं. दसऱ्याच्या सुमारास बी टाकायचं, तीन-चार आठवड्यांनी रोपं वीतभर अंतरावर लावायची. त्यानंतर पन्नास-साठ दिवसांत, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आसपास, गड्डे काढणीला येतात. व्हाइट व्हिएन्ना हा जुना, खात्रीचा वाण. खरी परीक्षा पाण्याची. माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांत चार दिवस पाणी चुकलं आणि मग मी एकदम भरपूर घातलं, तर गड्डे उभे तडकले. आतला गर साल ताणण्याआधीच फुगला होता. काळ्या जमिनीतही हेच होतं, म्हणून थोडं थोडं पण नियमित पाणी द्यावं. पाच ते सात सेंटीमीटरचा झाला की गड्डा काढावा. मोठा होऊ दिला तर आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारं द्रव्य, साचतं आणि कितीही शिजवला तरी दोरे दाताखाली येतात.

आता स्वयंपाकघरात या, मला खरं सांगायचंय ते इथलंच. या कुळातल्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. त्यांना फोडणारं मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) पेशींत त्यांच्यापासून वेगळं ठेवलेलं असतं. सुरी चालली की दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट नावाची तिखट द्रव्यं तयार होतात. मुळ्याची, मोहरीची झणझण ती हीच. कीड दूर ठेवायला झाडाने केलेली ही सोय आपल्या शरीरातल्या संरक्षक विकरांनाही चालना देते, असं दिसून आलंय. मात्र कढईतल्या उष्णतेने विकर निकामी होतं. म्हणून चिरल्यावर किंवा किसल्यावर दहा मिनिटं थांबा, विकराला त्याचं काम करू द्या, मग फोडणीला टाका.

आपल्या आज्यांच्या हातात याहून चांगला उपाय होता: फेसलेली मोहरी. फोडणीत तडतडलेल्या मोहरीतलं विकर मेलेलं असतं, कच्च्या फेसलेल्या मोहरीतलं जिवंत असतं. साल जाड काढून नवलकोल किसा, दही, शेंगदाण्याचं कूट आणि चमचाभर फेसलेली मोहरी घाला. शिजवलेल्या भाजीतही उतरवल्यावर ती घालता येते.

शंभर ग्रॅम कच्च्या नवलकोलात 27 कॅलरी, 3.6 ग्रॅम तंतू आणि सुमारे 62 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. ज्वारीच्या भाकरीतलं लोह शरीर सहज घेत नाही, क जीवनसत्त्व सोबत असेल तर जास्त घेतं. म्हणून भाकरीशेजारी कच्ची कोशिंबीर हवीच. कोवळी पानं टाकू नका, त्यांची लसूण घालून पालेभाजी करा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र ही पानं रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण त्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. थायरॉइडचा त्रास असेल तर कच्चा नवलकोल बेताने खावा आणि मीठ आयोडीनचं वापरावं.

या रविवारी मंडईत जाल तेव्हा लहान, जड आणि पानं ताजी असलेला गड्डा निवडा.