रेंज फुल, नेट गुल

मागच्या आषाढीला पंढरपुरात महाद्वार रोडवर एका मावशींकडून बुक्का आणि तुळशीची माळ घेतली, झाले ६० रुपये, माझ्याकडे सुट्टे नव्हते म्हणून त्यांच्या टोपलीला चिकटवलेला क्यूआर स्कॅन केला आणि मग स्क्रीनवर जे गोल गोल फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. मागून गर्दी ढकलतेय, मावशी म्हणतायत "होईल माऊली, दमानं", आणि मी येड्यासारखा फोन डोक्यावर धरून उभा. गंमत म्हणजे वर कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या दांड्या फुल, शेजारी ठसठशीत ५जी लिहिलेलं. शेवटी बरोबरच्या काकांनी बंडीच्या आतल्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून दिल्या आणि वर दिवसभर मला ऐकवलं ते वेगळंच.

आता रेंज फुल आहे तर नेट का नाही, हा प्रश्न आपण सगळेच विचारतो आणि मग कंपनीला शिव्या घालून मोकळे होतो. शिव्यांचं जाऊदे, पण मुळात त्या दांड्या काय मोजतात हेच आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

टॉवर काय करतो, कोणी ऐको न ऐको, सतत एक ठरलेला सिग्नल हवेत सोडत असतो, आणि फोन फक्त तो आपल्यापर्यंत किती जोरात पोचतोय ते मोजतो. बास, दांड्या म्हणजे एवढंच. हा आकडा डीबीएम या मापात असतो, म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत जोर किती, आणि कायम उणे असतो. टॉवरच्या जवळ असाल तर उणे ७० - ८०, घरात भिंतीआड उणे १०० - ११०, आणि उणे १२० च्या खाली गेलात की रामराम. यातला प्रत्येक १० म्हणजे दहापट बरं का, त्यामुळे उणे ८० आणि उणे ११० मधला फरक हजारपट झाला. आणि उणे १०० म्हणजे एका मिलिवॅटचे हजार कोटी तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. एवढ्याशा भांडवलावर तुमचा फोन नीट गाणं वाजवून दाखवतो, हे मला अजूनही चमत्कारासारखंच वाटतं.

पण कीर्तनाचा मंडप आठवा. बुवांसमोर माईक, चारी कोपऱ्यांत भोंगे, शेवटच्या माणसाला पण शब्द न् शब्द ऐकू येतो, म्हणजे रेंज फुल. आता मंडपातल्या पाच हजार माणसांनी एकाच वेळी बुवांना आपापला प्रश्न विचारायचा आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर पाहिजे असं ठरवलं तर? भोंगा तसाच खणखणीत आहे, त्यात काही बिघडलेलं नाही, पण तुमचा नंबर लागणार कधी. दांड्या भोंग्याचा आवाज दाखवतात, पुढे रांग किती आहे ते दाखवत नाहीत.

रांग कशी चालते ते पण मजेशीर आहे. ४जी मध्ये रेडिओ लहरींचा २० मेगाहर्ट्झ रुंदीचा एक पट्टा घेतला तर त्याचे १०० बारीक तुकडे पाडलेले असतात, आणि दर एक मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा, टॉवरचं सॉफ्टवेअर ठरवतं की या खेपेला कुठला तुकडा कोणाला. सगळं आदर्श असेल तर अशा एका पट्ट्यातून, साध्या दोन अँटेनांच्या जोडणीत, सेकंदाला १५० मेगाबिट निघतात. ऐकायला भारी वाटतं पण ते एकट्याला नाही हो, टॉवरच्या ज्या बाजूला तुम्ही आहात तिथल्या सगळ्यांना मिळून. तीनशे जण एकदम नेट वापरायला लागले की माणशी अर्धा मेगाबिट, आणि तोही कागदावर. वर आणखी एक भानगड अशी की जो लांब आहे किंवा भिंतीआड आहे त्याला तोच फोटो पाठवायला टॉवरला जास्त तुकडे लागतात, कारण कमी ऐकू येणाऱ्याला आपण कसं सावकाश आणि परत परत सांगतो, तसंच. म्हणजे खराब रेंजवाला एक जण चांगल्या रेंजवाल्या चौघांचा वाटा खातो.

बरं, तुकडा मिळायच्या आधी हात वर करावा लागतो. गर्दीत आधी गचकतं ते हेच. गप्प बसलेल्या फोनला काही पाठवायचं झालं की तो आधी टॉवरला एक छोटीशी हाक मारतो, शिट्टी म्हणा. अशा शिट्ट्या फक्त ६४ ठरलेल्या आहेत, त्यातल्या काही राखीव, उरलेल्यातली एक फोन डोळे मिटून उचलतो आणि वाजवतो. दोन फोननी एकाच क्षणी एकच शिट्टी वाजवली की टॉवरला कळत नाही कोण कोण आहे, मग दोघंही थोडा वेळ थांबून परत वाजवतात. गावात एरवी याचा काही त्रास नाही. पण एकादशीला लाखो फोन, प्रत्येक फोनमध्ये वीस ॲप्स आपोआप हात वर करणारी, कोणाचा व्हिडिओ कॉल, कोणाचं कळसाचं स्टेटस, कोणी हरवलेल्या आजीला शोधतंय, सगळ्यांच्या शिट्ट्या एकमेकांवर आपटतात. माझे ६० रुपये तिथेच कुठेतरी शिट्टी वाजवत उभे होते.

त्यात जोराची विषमता आहेच. टॉवर एकेका पट्ट्यावर २० ते ४० वॅटने ओरडतो, आणि आपला फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट. बुवांकडे भोंगा, आपल्याकडे नुसता घसा. टॉवरच्या अँटेना मोठ्या आणि कान तिखट असतात म्हणून निभतं, पण कडेच्या जागांवर असं होतं की तुम्हाला टॉवर ऐकू येतोय आणि टॉवरला तुम्ही नाही. फोन मग जोर लावत बसतो. डोंगरात किंवा लिफ्टजवळ बॅटरी भसाभस उतरते ती यामुळे.

मग दांड्या किती दाखवायच्या हे ठरवतं कोण? याला कुठलाही जागतिक नियम नाहीये, ते फोनचं सॉफ्टवेअर आणि कंपनी ठरवते. २०१० साली आयफोन ४ आला तेव्हा बोंब झाली की फोन ठरावीक पद्धतीने हातात धरला की दांड्या धडाधड पडतात. ॲपलने जुलैमध्ये पत्र काढून सांगितलं की आमचं दांड्या मोजायचं सूत्रच साफ चुकीचं होतं, बऱ्याचदा असायला पाहिजे त्यापेक्षा दोन दांड्या जास्त दाखवत होतो, आणि मग सॉफ्टवेअर अपडेट दिला. अँटेनाचा खरा प्रॉब्लेम होता तो होताच, त्याला अपडेट काय करणार, पण दोन दांड्या हवेतल्या होत्या हे त्यांनी स्वतः कबूल केलं. अँड्रॉइडमध्ये तर मोबाईल कंपन्यांसाठी चक्क एक सेटिंग आहे ज्याने रेंज एक दांडी फुगवून दाखवता येते. सरळ कोडमध्ये लिहिलंय, नावातच फुगवणे हा शब्द आहे, लपवाछपवी काही नाही.

५जी च्या चिन्हाचं तर विचारूच नका. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी चं उद्घाटन झालं, जिओने सगळं नवं स्वतंत्र ५जी नेटवर्क घेतलं आणि एअरटेलने सुरुवातीला ४जी च्या खांद्यावर बसणारं. या खांद्यावरच्या प्रकारात ४जी चा टॉवर घोषणा करत असतो की इथे ५जी जोडता येऊ शकतं, आणि पुष्कळ फोन तेवढ्या घोषणेवरच ५जी लिहून मोकळे होतात, खरं कनेक्शन त्या क्षणी ४जी वरच बसलेलं. म्हणजे दारावर पाटी लागली, मालक घरात आहेत की नाही ते बेल वाजवल्यावर कळणार. अमेरिकेत एटी अँड टी ने तर २०१९ मध्ये सुधारलेल्या ४जी लाच ५जी ई असं नाव देऊन ते लोकांच्या फोनवर झळकवलं होतं, त्यावरून स्पर्धक कंपनी कोर्टात गेली.

वायफायचं निदान थोडं बरं आहे. वायफायच्या पंख्यासारख्या चिन्हावर छोटं उद्गारचिन्ह येतं ना, ते कसं येतं माहितीये? अँड्रॉइड फोन वायफायला जोडला की गुपचूप गूगलच्या एका पत्त्यावर विचारून बघतो, आणि तिथून मुद्दाम रिकामं उत्तर येणं अपेक्षित असतं. रिकामं आलं तर नेट चालू. काहीच आलं नाही तर उद्गारचिन्ह. आणि रिकाम्याऐवजी भलतंच पान आलं तर फोन ओळखतो की हे स्टेशनवरचं किंवा हॉटेलातलं वायफाय आहे, आधी मोबाईल नंबर मागणार, आणि लॉगिनचं पान उघडतो. हेच दांड्यांच्या शेजारी ठळक का दाखवत नाहीत देव जाणे.

२०२३ मध्ये आठवतंय का, अचानक सगळ्यांचे फोन एकदम किंचाळायला लागले होते, सायलेंटवर ठेवलेले पण, आणि सरकारचा टेस्ट मेसेज आला होता? कितीतरी लोक घाबरले, आमच्या ऑफिसात एकाने फोन हातातून टाकलाच. तो सेल ब्रॉडकास्ट. त्याला रांग लागत नाही, कारण तो शुद्ध भोंगा आहे, टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या हद्दीतले एक हजार असोत की एक लाख, सगळ्यांना तेवढ्याच खर्चात ऐकू जातं, कोणाला शिट्टी वाजवायची गरजच नाही. पूर आला, चेंगराचेंगरी झाली तर माहिती पोचवायला हाच रस्ता कामाचा. माझे ६० रुपये मात्र असे नाही जाऊ शकत, ते एकाच मावशींना जायला पाहिजेत.

यात्रेला ट्रकवरचे टॉवर आणून उभे करतात ते दांड्या वाढवायला नसतात, दांड्या आधीच फुल असतात, ती एक रांग फोडून चार करायची सोय असते. पण फार जवळजवळ उभे केले तर एकाच पट्ट्यावरचे टॉवर एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, चार मंडपांचे भोंगे एकाच चौकात लावल्यासारखं, आणि मग आवाज मोठा असून शब्द कळत नाहीत.

आपल्या हातात काय? थोडंफार आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटस, तिथे खरा डीबीएम आकडा दिसतो, दांड्यांपेक्षा तो बघा. आकडा चांगला आहे आणि तरी नेट मेलेलं आहे तर फोन उंच धरून काही होणार नाही, तिथे रांगेचा प्रश्न आहे. मग एकदा एअरप्लेन मोड चालू बंद करून बघा, फोन नव्याने टॉवर निवडतो, कधी कधी कमी गर्दीचा हाती लागतो. किंवा ५जी बंद करून नुसता ४जी, सगळे एकीकडे गर्दी करून असतील तर दुसरीकडे जागा मिळते. पैसे अडकले तर लगेच परत परत पाठवू नका, कारण तुमची विनंती पलीकडे पोचून पैसे वळते झालेले असू शकतात आणि फक्त "झालं" हे उत्तर तुमच्यापर्यंत यायचं राहिलेलं असू शकतं. आणि निरोप द्यायचा असेल तर साधा एसएमएस. तो इतका बारका असतो की नेटच्या रांगेत न जाता कामकाजाच्या छोट्या वाटेने सरकतो, आणि समोरच्याला नाही मिळाला तर मधलं केंद्र तो जपून ठेवून परत परत प्रयत्न करतं.

हे सगळं ज्ञान मला त्या दिवशी असून उपयोग झाला नाही. संध्याकाळी वाळवंटात काकांची आणि माझी चुकामूक झाली, आणि सवयीने मी व्हॉट्सॲपच केलं, "कुठं आहात?" त्याच्यापुढे ते घड्याळाचं चिन्ह तसंच. शेवटी एसएमएस टाकला, पुंडलिकाच्या देवळापाशी या, आणि पाचेक मिनिटांत काका आले. रात्री टेंभुर्णी ओलांडली तशी एसटीतल्या सगळ्यांचे फोन एकदम टुंग टुंग वाजायला लागले. शेजारच्या सीटवर काकांनी चष्मा लावून आपला फोन जवळ धरला, वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इथंच आहे की रे."