ऑस्करच्या अंदाजांची गोष्ट पेपरफुटीपासून सुरू होते

दरवर्षी जानेवारी उजाडला की आमच्या ग्रुपवर तेच सुरू होतं, यंदा कोण मारणार, कुणाचं हुकणार, आणि मग मार्चातल्या एका सोमवारी पहाटे अलार्म लावून उठायचं (तिकडे अजून रविवारची संध्याकाळच असते) आणि आपले अंदाज कसे आपटले ते चहा पीत बघायचं. पण हा अंदाज लावायचा नाद मुळात आला कुठून? कारण पहिल्या ऑस्करला अंदाज लावायला काही शिल्लकच नव्हतं.

१६ मे १९२९, लॉस एंजेलिसचं हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेल, जेवणावळ, आणि बक्षिसं वाटायचं काम साधारण १५ मिनिटांत उरकलं. विजेत्यांची नावं फेब्रुवारीतच जाहीर झालेली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये असतं ना, नंबर कुणाचा आला ते आठवडाभर आधी फळ्यावर लागलेलं आणि स्टेजवर फक्त टाळ्या, तसलाच प्रकार. पुढे नावं लपवायला लागले खरे, पण पेपरवाल्यांना यादी आधीच देऊन ठेवायचे, अट एवढीच की रात्री ११च्या आत छापायचं नाही. १९४० साली, 'गॉन विथ द विंड'च्या वर्षी, लॉस एंजेलिस टाइम्सने यादी संध्याकाळच्या अंकातच छापून टाकली. झाली पेपरफुटी! समारंभाला येणारे पाहुणे हातातला पेपर वाचतच आत शिरले म्हणे, ज्यांना मिळणार नव्हतं त्यांनी चेहरा कसा ठेवला असेल देव जाणे. अकादमी (ऑस्कर देणारी सिनेमावाल्यांची संस्था, तिचे मेंबरच मतं देतात) भडकली आणि १९४१ पासून बंद पाकिटं आली. मतं मोजणारी प्राइस वॉटरहाउस ही हिशेबनीसांची कंपनी आधीपासून होतीच, आता निकाल फक्त तिलाच ठाऊक.

म्हणजे बघा, आधी गुपित तयार झालं आणि मग ते फोडायची खाज आली.

ती पहिल्यांदा भागवली डेली व्हरायटीने. हा तिथल्या सिनेमाधंद्याचाच पेपर, त्यांनी थेट मतदारांनाच विचारायला सुरुवात केली, कुणाला मत दिलंत म्हणून, आणि ते छापूनही टाकायचे. बहुतेक वेळा बरोबर यायचं. पण मार्च १९४८ मध्ये सगळं हॉलिवूड धरून चाललेलं की बेस्ट अ‍ॅक्ट्रेस रोझलिंड रसेल, पोलही तेच सांगत होता, आणि पाकिटातून निघालं लोरेटा यंगचं नाव. नाव पुकारायच्या आधीच रसेल खुर्चीतून उठायला लागली होती असा किस्सा सांगतात, खराखोटा माहीत नाही पण सांगतात मात्र अजूनही. पुढे २००० साली वॉल स्ट्रीट जर्नलने हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर केला, साडेतीनशेच्या वर मेंबरांना गाठून. अकादमीने आपल्या लोकांना सांगितलं तोंड उघडू नका, तरी बोलले ते बोललेच, आणि पोलचा एखादा अपवाद सोडता सगळं बरोबर आलं.

पण असे पोल घ्यायची आता गरजच नाही, कारण मधल्या काळात मतदार स्वतःच आपलं मत आधी दुसरीकडे देऊन दाखवायला लागले. हे नीट समजलं की ऑस्करचं निम्मं गणित सुटतं. तिथे दिग्दर्शकांची संघटना वेगळी, नटांची वेगळी, निर्मात्यांची वेगळी, त्यांना गिल्ड म्हणतात, आणि प्रत्येकाचे स्वतःचे अवॉर्ड आहेत. डायरेक्टर्स गिल्डचा अवॉर्ड १९४८च्या सिनेमांपासून सुरू झाला, निर्मात्यांचा १९९० पासून, नटांचा (सॅग म्हणतात तो) १९९५ पासून. अकादमीत मत देणारे बरेचसे लोक याच गिल्डांमध्येही असतात. म्हणजे एकच माणूस महिनाभराच्या अंतराने दोनदा मत देतो, पहिल्या मताचा निकाल आधी कळतो, मग दुसऱ्याचा अंदाज लावणं ही काय फार मोठी भविष्यवाणी नाही. डायरेक्टर्स गिल्ड आणि ऑस्करचा दिग्दर्शक वेगवेगळा निघाला असं २०२५ पर्यंत फक्त ८ वेळा झालंय. पाऊणशे वर्षांत ८! आपल्या हवामान खात्याने हेवा करावा असा रेकॉर्ड.

गोल्डन ग्लोबचं उलटं. तो जुना, १९४४ पासूनचा, टीव्हीवर झगमगाट मोठा, पण कित्येक वर्षं त्याला मत देणारे म्हणजे हॉलिवूडमध्ये राहणारे नव्वदच्या आसपास परदेशी पत्रकार, अकादमीच्या मतदारांशी त्यांचा काही संबंध नाही. तरी लोक ग्लोब बघून पैजा लावतात. १९८३चं उदाहरण घ्या. ग्लोबला ड्रामाचं बक्षीस 'ई.टी.'ला गेलं, कारण 'गांधी' त्यांनी परदेशी सिनेमांच्या रांगेत बसवलेला, डायरेक्टर्स गिल्डने मात्र 'गांधी'च्या दिग्दर्शकाला, अ‍ॅटनबरोला निवडलं, आणि ऑस्करला 'गांधी'ने ८ बाहुल्या नेल्या. त्यातली एक कॉस्च्युमची, जॉन मोलोबरोबर आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांची, भारताची पहिली. गिल्डचं ऐकलं असतं तर मोठं बक्षीस कुणाचं ते आधीच कळलं असतं, भानूताईंचा अंदाज मात्र तेव्हा इथे कुणी लावला असेल असं वाटत नाही.

आपले अंदाज चुकायचं मुख्य कारण तेच, आपण सिनेमा बघून ठरवतो, मतदार कोण आहे ते बघत नाही. २००२ला 'लगान'च्या वेळी तर सगळा देश होमहवन करत होता, माझाही ठाम अंदाज 'लगान'च होता, तिकडच्या जाणकारांचा 'अमेली', आणि जिंकला 'नो मॅन्स लँड'. ज्याला ग्लोब आधीच मिळालेला होता, म्हणजे एकदा ग्लोबचं ऐकायला हवं होतं तेव्हा कुणी ऐकलं नाही! पण परदेशी सिनेमांच्या त्या विभागाचा नियम तेव्हा असा होता की पाचही सिनेमे बघितल्याशिवाय मत देता येत नाही, त्यामुळे मत द्यायला उरायचे ते वेळ असलेले, बरेचसे म्हातारे मेंबर. नुसत्या नावाच्या गाजावाजावर मत पडत नसे. गंमत म्हणजे तोच नियम, बघितलं असेल तरच मत, अकादमीने २०२५ मध्ये शेवटच्या फेरीला सगळ्याच विभागांना लावायचं जाहीर केलं. म्हणजे इतकी वर्षं बाकीच्या विभागांत न बघताच मतं पडत होती, हे त्यांनीच कबूल केल्यासारखं झालं की.

आणि मग बेस्ट पिक्चर, तिथे तर २०१० पासून खेळच बदललाय. त्या वर्षी नामांकनं ५ची १० केली आणि मतदानाची पद्धत पसंतीक्रमाची आणली. ही पद्धत आपल्याला शिकवायला नको, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात हेच असतं, नावापुढे १, २, ३ लिहायचं, पहिल्या पसंतीत कुणाला निम्म्याच्या वर मतं मिळाली नाहीत तर तळातला बाद, त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायची, कुणीतरी निम्म्यापुढे जाईपर्यंत हेच चालू. रात्री उशिरापर्यंत मोजणी चालते आणि पहिल्या फेरीतला पुढचा माणूस कधीकधी शेवटी मागे पडतो, आठवतंय ना? तसंच. ज्या सिनेमावर काही लोक जीव टाकतात पण काही तितकाच राग धरतात तो इथे अडकतो, आणि ज्याला सगळेच दुसरा-तिसरा नंबर देतात तो निघून जातो. बाकीच्या विभागांत अजून साधीच पद्धत आहे, सगळ्यात जास्त मतं तो विजेता. म्हणूनच हल्ली दिग्दर्शक एका सिनेमाचा आणि बेस्ट पिक्चर दुसरा असं जास्त वेळा दिसतं, २०१७ला 'ला ला लँड'चा दिग्दर्शक जिंकला पण सिनेमा 'मूनलाइट' (आणि चुकीच्या पाकिटामुळे आधी 'ला ला लँड'चंच नाव पुकारलं, ते तर सगळ्यांनी बघितलंच).

या सगळ्याचं गणित मांडणारेही आले. नेट सिल्व्हर, अमेरिकेतल्या निवडणुकांचे आकडे सांगून गाजलेला, त्याने २००९ला ऑस्करचे ६ मुख्य विभाग घेतले, ४ बरोबर आले. २०१३ला परत, परत ४. माझ्या एका मित्राचे, जो ट्रेलरच्या पुढे काही बघत नाही, त्याचेही एवढे येतात. लंडनच्या बुकींकडे तर कधीपासून भाव लागतो, अमेरिकेत कायदेशीर सट्टा पहिल्यांदा न्यू जर्सीत २०१९ला उघडला. लास व्हेगासमध्ये मात्र कित्येक वर्षं नुसते भाव लावायचे, पैसे घ्यायचे नाहीत, कारण नेव्हाडाचा नियम आडवा यायचा, निकाल आधीच कुणाला तरी माहीत असतो त्यावर पैज कसली.

एक गोष्ट मला हल्ली जास्त उपयोगी पडते ती म्हणजे बाफ्टा, ब्रिटिशांचा अवॉर्ड. पूर्वी तो ऑस्करनंतर व्हायचा म्हणून कुणी विचारत नसे, २००१ पासून आधी घ्यायला लागले. आणि २०१६ नंतर अकादमीने जगभरातून मेंबर भरले, त्यामुळे अमेरिकेबाहेरचं मत वजनदार झालं. २०२५ला बेस्ट अ‍ॅक्ट्रेसमध्ये डेमी मूरला ग्लोब मिळाला, सॅग मिळाला, सगळे म्हणत होते पक्कं, बाफ्टा तेवढा मायकी मॅडिसनला गेला होता आणि ऑस्करही तिलाच.

हाच इशारा २०२१लाही मिळाला होता. चॅडविक बोसमन हा नट वारलेला, ग्लोब आणि सॅग त्यालाच मिळालेले, बाफ्टा मात्र अँथनी हॉपकिन्सला. समारंभ करणाऱ्यांनी परंपरा मोडून बेस्ट पिक्चर आधी उरकलं आणि बेस्ट अ‍ॅक्टर सगळ्यात शेवटी ठेवला, शेवट बोसमनच्या आठवणीने व्हावा म्हणून, असंच सगळ्यांनी धरलं. नाव निघालं हॉपकिन्स. ८३ वर्षांचे हॉपकिन्स तिकडे वेल्समध्ये झोपलेले, भाषणाला कुणी नाही, बक्षीस द्यायला आलेल्या वाकीन फीनिक्सने त्यांच्या वतीने अकादमी स्वीकारते म्हणून सांगितलं आणि कार्यक्रम तिथेच संपला. त्या रात्रीच्या निर्मात्यांपैकी एक होता स्टीव्हन सोडरबर्ग. २००१ला त्याचीच दिग्दर्शनात एकाच वेळी दोन नामांकनं होती, मतं फुटणार, हा पडणार असं जो तो म्हणत होता, डायरेक्टर्स गिल्डही अँग लीला गेलेला, आणि ऑस्कर घेऊन गेला सोडरबर्ग. गिल्ड आणि ऑस्कर वेगळे निघाले त्या ८ मधला एक तो स्वतः.